सात नंबरसाठी प्रार्थना

आमच्या चर्चच्या मंडळीत मध्यस्थीची, म्हणजे दुसऱ्यांसाठी करायची, प्रार्थना वडील वाचतात आणि ती लिहिते मी. वडील म्हणजे मंडळीचे वडील, तिचे एक पुढारी, माझे नव्हेत; माझे मी शाळेत असतानाच गेले. हे वडील सोमवार ते शनिवार आमच्या कारखान्याचे मालक असतात, तेव्हा त्यांना साहेब म्हणायचं. सहा दिवस साहेब, सातव्या दिवशी वडील. माणूस एकच, कोट तेवढा बदलतो.

वडिलांना चष्मा लागतो, पण ते लावत नाहीत. चष्म्यात आपण म्हातारे दिसतो असं त्यांना वाटतं. चष्म्याशिवाय तरुण दिसतो हे त्यांना कोणी सांगितलं, देव जाणे. म्हणून प्रार्थनेचा कागद मी बोटाएवढ्या अक्षरांत लिहिते. आधी वाचून बघायची त्यांना सवय नाही. उपासनेपूर्वी कागद पुलपिटावर, म्हणजे उपदेशाच्या मेजावर, ठेवायचा, ते येऊन एकेक शब्द सुटा सुटा वाचतात, आणि वाचलेल्याचा अर्थ त्यांच्यापर्यंत एका वाक्याने उशिरा पोचतो. प्रत्येक वाक्यानंतर ते ओठ मिटून थांबतात, की सगळी मंडळी म्हणते, "प्रभू, आमचे ऐक."

मागे एकदा घाईत मी जुनाच कागद ठेवला होता. पोस्टमास्तरांच्या बायकोच्या गुडघ्याला आराम पडावा म्हणून वडिलांनी देवाला साकडं घातलं. तिला पुरून तेव्हा नऊ दिवस झाले होते. "प्रभू, आमचे ऐक," सगळे म्हणाले. पोस्टमास्तरसुद्धा म्हणाले, आणि मग इकडेतिकडे बघू लागले. वडील काय वाचतात ते वडील ऐकत नाहीत, आणि मंडळी फक्त ते कधी थांबतात तेवढंच बघते, हे मला त्या दिवशी कळलं. तेव्हा मी ते हसण्यावारी नेलं.

माझ्या आईचं तर विचारूच नका. तिला ऐकू येत नाही म्हटलं तरी चालेल. ती पहिल्या बाकावर बसते, वडिलांच्या ओठांवर नजर ठेवते, आणि ओठ मिटले की सगळ्यांच्या आधी आणि सगळ्यांच्या वर आवाज काढते. कान गेले, पण नाक शाबूत आहे. मी कामावरून आले की जेवायला बसण्यापूर्वी ती माझे हात हुंगते. "हात धुतलेस का?" म्हणते. ते धुतलेलेच असतात. पण कारखान्याचं तेल साबणाला दाद देत नाही.

कारखाना स्प्रिंगांचा आहे. पूर्वी शिवणयंत्राच्या, कुलपांच्या, पंपाच्या झडपांच्या स्प्रिंगा व्हायच्या. दोन वर्षांपूर्वी एक नवीन माल सुरू झाला. अंगठ्याच्या पेराएवढी स्प्रिंग, साडेसात वेढे, दोन्ही टोकं घासून सपाट. ती तेलकागदात गुंडाळून लाकडी खोक्यात भरतात. शंभराचं एक खोकं. माझं काम तपासणीचं. स्प्रिंग गेजवर बसवायची, वजन टाकायचं, काटा दोन खुणांच्या मध्ये आला तर पास, नाही तर डाव्या हाताच्या डब्यात. शंभर पास झाल्या की वर एक चिठ्ठी ठेवायची आणि चिठ्ठीवर जांभळा शिक्का मारायचा: तपासले, आणि खाली ज्याचा त्याचा नंबर. माझा सात. माझा शिक्का एकदा फरशीवर पडला होता, तेव्हापासून त्याच्या गोलाची वरची कड उमटत नाही.

कशाच्या आहेत विचारलं तेव्हा सुपरवायझर म्हणाला, पंपाच्या. इतके पंप कोणाला लागतात, असं कोणी विचारलं नाही. मीही नाही. खरं सांगायचं तर विचार मनात आला होता, आणि मी त्याला दार दाखवलं होतं. अर्ध्या मंडळीची चूल त्या कारखान्यावर पेटते.

आता धाकटीचं सांगते. धाकटी माझी मावसबहीण. मावशी गेली तेव्हा ती चार वर्षांची होती, मी अकराची. आईने तिला आमच्याकडे आणलं आणि माझ्या पांघरुणात घातलं. लाथा मारायची झोपेत. पुढे तिने सीमेपलीकडच्या शहरातल्या एका शाळामास्तरांशी लग्न केलं. बारीक, चष्मा घालणारे, हळू बोलणारे, आणि घासभर जेवणारे. आई म्हणायची, हा जावई की चिमणी? युद्ध सुरू झालं तेव्हा ती दोघं तिथेच अडकली, आणि मग शहराला वेढा पडला.

तेव्हापासून आमच्या मंडळीने वेढ्यातल्या लोकांसाठी दर शुक्रवारी एक वेळचं जेवण सोडायचं ठरवलं. वाचलेल्या जेवणाचं पीठ पोत्यांत भरून पाठवायचं. कल्पना पाळकांची, आमच्या धर्मगुरूंची, पण लॉरी वडिलांनी दिली. पोती कारखान्याच्या आवारात जमायची आणि तिथूनच निघायची. म्हणजे एकाच फाटकातून पीठही जायचं आणि स्प्रिंगाही. हे माझ्या डोळ्यांसमोर दोन वर्षं चाललं होतं.

गेल्या बुधवारी लॉरीचा ड्रायव्हर परत आला आणि त्याने माझ्या हातात एक पाकीट दिलं. सीमेवरच्या एका नर्सने त्याच्याकडे सोपवलं होतं. अक्षर धाकटीचं. मी ते आवारातच, पोत्यांच्या थप्पीला टेकून वाचलं.

"ताई, मास्तर गेले. पावाच्या रांगेत गेले. त्या दिवशी रांगेत जायची पाळी माझी होती, पण माझा पाय सुजला होता म्हणून ते गेले. बेकरीचं दार अजून उघडलंच नव्हतं. एकवीस माणसं गेली. गोळा टेकडीवरून आला. नंतर तोफा टेकडीवरून हलवल्या, तेव्हा आम्ही बायका सरपणासाठी वर गेलो. तिथे रिकामी खोकी पडली होती. मी दोन आणली. फोडताना एकात हा कागद सापडला. आपल्या भाषेतली अक्षरं बघून आधी मला आनंदच झाला ताई, किती दिवसांनी बघितली. मग शेजारच्या घड्याळजीला दाखवला. तळाशी एक स्प्रिंग राहिली होती, तीही दाखवली. तो म्हणाला, ही गोळ्याच्या टोकात बसते. जमिनीवर आपटल्यावर गोळ्याने फुटायचं की नाही ते ही ठरवते. म्हणाला, कोणीतरी नीट तपासलेली आहे.

त्याच लाकडांवर मी गिरणीच्या फरशीवरून झाडून आणलेलं पीठ शिजवलं. दाताखाली खडे येतात. खाल्लं.

ताई, स्प्रिंगा तुमच्या गावातच होतात. हा सात नंबरचा कोण ते शोधून काढ. मला त्याचं नाव हवंय. मी रोज त्याच्यासाठी प्रार्थना करते. देवा, त्याचे हात झडू देत, असं म्हणते. पाप असेल तर असो. पण नाव नसलं की पत्ता न घातलेल्या पत्रासारखं होतं, पोचत नाही. तुमच्या मंडळीत त्याचं नाव घेऊन म्हणा. इथे प्रार्थनेला आम्ही चौघीच उरलोय, आमचा आवाज पुरत नाही."

पाकिटात चिठ्ठी होती. एका कडेला जळलेली. तपासले, सात. गोलाची वरची कड उमटलेली नव्हती.

मी पोत्यावर बसले, आणि ते पोतं तिच्याकडेच जायचं होतं. ड्रायव्हरने विचारलं, "काय हो ताई, वाईट बातमी?" मी मान हलवली. किती वाईट ते त्याला काय सांगू?

घरी आईला पत्र वाचून दाखवावं लागलं. तिच्या कानाशी तोंड नेऊन, एकेक वाक्य ओरडून. मास्तरांचं ऐकलं तेव्हा तिने पदर तोंडाला लावला. मग म्हणाली, "पुढे वाच." सात नंबरपाशी मी थांबले. पण तिने माझ्या डोळ्यांवरून ओळखलं की पत्र संपलेलं नाही. आई कसली सोडतेय? वाचलं.

"कोण आहे तो मेला?" आई म्हणाली. "तुमच्याकडचा आहे?"

"आमच्याकडे खूप नंबर आहेत, आई."

"त्याच्या हाताला किडे पडोत," ती म्हणाली. आणि त्या संध्याकाळपासून जेवणाआधीच्या प्रार्थनेत तिने ते वाक्य घातलं. अन्नाबद्दल आभार, धाकटीला सांभाळ, आणि सात नंबरच्या हाताला किडे पडोत, आमेन. मी समोर बसून आमेन म्हणत होते आणि त्याच हाताने पाव मोडत होते. आईला माझा नंबर माहीत नव्हता. नंबर काही आपण घरी सांगत नाही.

गुरुवारी मी कामावर गेले आणि पहिल्या ट्रेमधल्या सगळ्या स्प्रिंगा डाव्या हाताच्या डब्यात टाकल्या. काटा दोन खुणांच्या बरोबर मध्ये येत होता, तरी टाकल्या. दुसरा ट्रे आला, तोही टाकला. तिसऱ्याला सुपरवायझर आला. त्याने डब्यातल्या चार स्प्रिंगा उचलून स्वतः गेजवर लावल्या, माझ्याकडे बघितलं, आणि डबा उचलून बारा नंबरच्या टेबलावर नेऊन ओतला. बारा नंबर वाफेच्या इस्त्रीसारखी आहे, पुढे आलं ते सपाट करते. अर्ध्या तासात तिने सगळ्या पास केल्या. मला साहेबांनी बोलावलं.

साहेबांच्या खोलीत भिंतीवर एक क्रूस आहे आणि खाली काचेच्या कपाटात नमुन्याच्या स्प्रिंगा मांडलेल्या आहेत, लहानापासून मोठ्यापर्यंत. त्यांनी मला बसायला सांगितलं. एरवी सांगत नाहीत.

"तुझ्या बहिणीचं ड्रायव्हरकडून कळलं," ते म्हणाले. "फार वाईट झालं. मन ठिकाणावर नसेल तर दोन दिवस घरी राहा."

"साहेब, त्या लहान स्प्रिंगा कशाच्या आहेत?"

"पंपाच्या."

मी चिठ्ठी टेबलावर ठेवली, पण हाताखालून सोडली नाही. ती कुठे सापडली ते सांगितलं. घड्याळजी काय म्हणाला तेही सांगितलं. त्यांनी डोळे बारीक करून चिठ्ठीकडे बघितलं. त्यांना काही दिसलं नसणार.

"ह्यावर कारखान्याचं नाव आहे?"

"नाही. तपासले आणि सात, एवढंच."

"मग झालं तर." ते मागे टेकले. "हे बघ, आपण व्यापाऱ्याला माल देतो. पुढे तो काय करतो ते मला ठाऊक नाही आणि तुलाही नाही. सुरी करणाऱ्याने भाजी चिरली जाईल की गळा, याची काळजी करत बसायचं का? आणि तुझ्या भल्यासाठी सांगतो, तो कागद जाळून टाक. त्यावर माझं नाव नाही. तुझा नंबर आहे. उद्या कोणी विचारलंच, तर तो कागद तुझ्याकडे बोट दाखवतो."

दोन वर्षं मला वाटत होतं की नंबर चुकीचा माल सापडावा म्हणून असतो.

"रविवारी तुझ्या बहिणीच्या यजमानांसाठी खास प्रार्थना करू," ते उठत म्हणाले. "तूच लिही. तुला हवं ते लिही, मी वाचीन."

"हवं ते?"

"हवं ते. तेवढंच आपल्या हातात असतं."

इथून पुढे मी त्याला 'ते' म्हणणार नाही. जीभ वळत नाही.

त्याला मारावं असं वाटलं नाही, खोटं कशाला सांगू. मारून काय होतं, चार लोक खांदा देतात आणि पाळक चांगलं बोलतात. मला त्याचं तोंड हवं होतं. त्याच्या तोंडून, त्याच्या आवाजात, सगळ्या मंडळीसमोर मला ते बाहेर काढायचं होतं, आणि वर सगळ्या मंडळीला "प्रभू, आमचे ऐक" म्हणायला लावायचं होतं. त्यानेच मला चावी दिली होती. दोन दिवस मी वाक्यं मनात घोळवत होते. भांडी घासताना, रस्त्याने चालताना. इतकी भूक मला कित्येक दिवसांत लागली नव्हती. पण ती पोटाची नव्हती; शुक्रवारचं जेवण सोडलं तेव्हा मला जेवणाची आठवणही आली नाही.

शनिवारी दुपारी स्वयंपाकघरातल्या टेबलावर मी कागद घेऊन बसले. बोटाएवढी अक्षरं, काळी शाई. एकेक वाक्य लिहून झालं की हसू यायचं. त्या हसण्याची मला आज लाज वाटत नाही. पाच वाक्यं झाली. सगळी त्याच्या तोंडची. मी पेनाचं टोपण लावलं.

आई समोर भाजी निवडत होती. तिला वाचता येत नाही, पण ओळी मोजता येतात. "सात नंबरचं घातलंस का?"

मी मान हलवली, नाही.

"नाही? धाकटीने सांगितलंय ना? तिच्या नवऱ्याचा जीव घेतलाय त्याने." आईने सुरी खाली ठेवली. "घाल. साहेबाला काय, साहेब सगळ्यांचेच तसे. पण ज्याने हातात घेऊन बघितली आणि चांगली आहे म्हणून सोडली, तो सुटता कामा नये."

साहेबाचं मी तिला आदल्या दिवशी सांगितलं होतं. माझं सांगितलं नव्हतं.

मी टोपण काढलं आणि सहावं वाक्य लिहिलं: "आणि सात नंबर, ज्याने ती स्प्रिंग तपासून पास केली, त्याचे हात झडू देत." नावाची जागा सोडली नाही. तो वाचेल, मंडळी न ऐकताच होकार देईल, धाकटीला कळवीन की आम्ही म्हटलं, आणि नाव काही सापडलं नाही. असा माझा हिशेब होता. मी काही शूर नाही.

आईने कागदाकडे बघितलं, ओळी मोजल्या, आणि पुन्हा भाजी निवडायला लागली.

रविवारी मी कागद पुलपिटावर ठेवला आणि तिसऱ्या बाकावर बसले. आई पुढे, तिच्या जागेवर. ड्रायव्हर आपल्या बायकोला घेऊन आला होता. संध्याकाळी त्याला पुन्हा निघायचं होतं. गीत झालं, उपदेश झाला. मग तो आला. करडा कोट, केसांचा नीट पाडलेला भांग. कागद हातात लांब धरून त्याने घसा साफ केला.

"वेढलेल्या... शहरातल्या... भुकेल्यांसाठी आम्ही प्रार्थना करतो."

"प्रभू, आमचे ऐक."

"पावाच्या रांगेत... गोळा पडून मेलेल्या एकवीस जणांसाठी... आणि त्यांतल्या एका शाळामास्तरांसाठी."

"प्रभू, आमचे ऐक." कोणीतरी मागे वळून माझ्याकडे कळवळून बघितलं.

"त्या गोळ्याच्या टोकात... आमच्या कारखान्याची... स्प्रिंग होती... हे तुला ठाऊक आहे आणि आम्हालाही."

"प्रभू, आमचे ऐक."

सगळे म्हणाले. सुपरवायझर म्हणाला, बारा नंबर म्हणाली, पोस्टमास्तर म्हणाले. पाळकांनी तेवढं डोकं वर केलं. आणि तो, देवाची शप्पथ, पुढे वाचत गेला. अर्थ अजून वाटेतच होता.

"जो मालक शुक्रवारचं पीठ पाठवतो... आणि सोमवारी स्प्रिंगा पाठवतो... त्याच्या घशाखाली घास उतरू नये."

"प्रभू, आमचे..." अर्धेअधिक मध्येच अडकले. काहींनी ओढून पूर्ण केलं. आईने मात्र खणखणीत पूर्ण केलं. तो कागदाकडे बघत होता आणि त्याचा चेहरा खालून वर पांढरा होत गेला. मी एकेक क्षण डोळे भरून बघितला. दोन दिवस ह्याचीच वाट बघितली होती. त्याने पुढचं वाक्य मनात वाचलं, ओठ हलले, पण आवाज आला नाही. मग त्याने कागदाची घडी घातली, पुन्हा घडी घातली, खिशात ठेवली, आणि नेहमीच्या आवाजात म्हणाला, "आमेन."

आणि लोक आमेन म्हणणार होते. मला दिसत होतं. तोंडं उघडली होती, सुटल्यासारखी. पाळक पुढच्या गीताचं पान शोधत होते. एका शब्दात तो सगळं मिटवून टाकणार होता.

मी उभी राहिले. "आमेन नाही," मी म्हणाले. "अजून दोन वाक्यं आहेत."

कागद त्याच्या खिशात होता, पण मला तोंडपाठ होतं. "त्याला झोप लागू नये, लागलीच तर त्याला पावाची रांग दिसावी, आणि रांगेत त्याचा नंबर शेवटचा असावा."

तो माझ्याकडे बघत होता. त्याच्या डोळ्यांत राग नव्हता, तो वाट बघत होता. सहावं वाक्यही त्याने खिशात घालण्यापूर्वी वाचलं असणार. त्या जळक्या चिठ्ठीवरचा सात म्हणजे मी, हे तिथे फक्त त्याला आणि मला माहीत होतं. त्याला वाटलं, आता ही बसेल.

रागाने मला तिथवर उभं केलं होतं, आणि आता रागच खाली बसला. बसता आलं असतं. पण मग त्याचं आणि माझं काहीतरी ठरल्यासारखं झालं असतं, आयुष्यभरासाठी, आणि ते मला मेल्याहून मेल्यासारखं होतं.

"आणि सात नंबर," मी म्हणाले, "जिने ती स्प्रिंग हातात घेऊन बघितली आणि चांगली आहे म्हणून पास केली, तिचे हात झडू देत. सात नंबर मी आहे." आणि मी माझं नाव सांगितलं. बाप्तिस्म्याच्या वेळी ठेवलेलं, पूर्ण.

पुलपिटापाशी त्याने ओठ घट्ट मिटले.

पहिल्या बाकावरून आई खणखणीत आवाजात म्हणाली, "प्रभू, आमचे ऐक."

एकटीच म्हणाली. मग आपल्याशिवाय कोणीच बोललं नाही हे तिच्या लक्षात आलं आणि ती मागे वळून लोकांकडे बघू लागली, चिडून, लोकांना प्रार्थनेत लक्ष द्यायला काय होतं म्हणून.

तो बाजूच्या दाराने गेला. पाळक माझ्या दिशेने यायला निघाले आणि मध्येच थांबले. त्यासाठी मी त्यांची आभारी आहे. बाहेर ड्रायव्हरला मी पाकीट दिलं. आत तीच जळकी चिठ्ठी होती, आणि तिच्या पाठीवर मी आत्ताच, पायरीवर बसून लिहिलं होतं: "धाकटे, नाव मिळालं. पत्ता तुला पाठ आहे." त्याने पाकीट घेतलं, माझ्या हाताला हात लागू न देता.

घरी जाताना आईने विचारलं, "शेवटी काय म्हणालीस गं? तू मागे होतीस, मला फक्त त्याचे ओठ दिसत होते. का गप्प बसले सगळे?"

रस्त्यात ओरडून सांगण्यासारखं ते नव्हतं. घरी पोचलो. मी हात धुतले, नळाखाली बराच वेळ, मग तिच्या शेजारी बसले आणि तिच्या कानाशी तोंड नेऊन सांगितलं. एकदा सांगून पुरलं.

आईने उठून सूप गरम केलं, दोन वाट्यांत वाढलं, पाव ठेवला. बसली. डोळे मिटले. अन्नाबद्दल आभार मानले. धाकटीला सांभाळ म्हणाली. आणि मग तिथे आली, जिथे चार दिवस रोज येत होती, आणि थांबली. मी डोळे उघडे ठेवून तिच्या ओठांकडे बघत होते. ते दोनदा उघडले आणि दोनदा मिटले.

आमेन तिने म्हटलंच नाही. डोळे उघडले, टेबलावरून हात लांब करून माझा उजवा हात ओढून घेतला आणि नाकाशी नेला. बराच वेळ धरून ठेवला.

"धुतलेस?"

"धुतले, आई."

"येतोय अजून," ती म्हणाली. "परत धू."